सरांचं नाव कुणी सुचवायचं?

मागच्या वर्षी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. ज्यांच्या हाताखाली मी संगणकाचं काम शिकले, ते सर. एरवी सर फोन करतात ते काही अडलं म्हणून. प्रिंटर चालत नाही, बँकेचं ॲप पुन्हा पासवर्ड मागतंय, असं काहीतरी. त्या दिवशी आवाज वेगळाच होता.

"अगं, मला फेलो केलंय. डिस्टिंग्विश्ड फेलो. सही-शिक्क्याचं पत्र आलंय ईमेलवर."

मी म्हटलं, सर, ते पत्र मला पाठवा ना. पत्र आलं. संस्थेच्या नावात 'जागतिक' हा शब्द होता, पत्त्यात शहर नव्हतं. सरांनी नेमकं कोणतं काम केलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. 'माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अतुलनीय योगदान' एवढंच. आणि दुसऱ्या पानावर शुल्क. निवडीचं वेगळं, पदकाचं वेगळं, समारंभातल्या खुर्चीचं वेगळं. मिळून 18,500 रुपये, पाच दिवसांत भरायचे.

फोनवर सांगायला जीभ रेटेना. दुपारी मुलुंडहून निघाले, दादरला गाडी बदलली आणि चर्नी रोडला उतरले. सर गिरगावात राहतात, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. काकूंनी चेकबुक काढून टेबलावर ठेवलं होतं, त्यावर पेन आडवं. मी बसले आणि जे होतं ते सांगितलं. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. "म्हणजे खरं नाही ते."

"नाही सर."

काकूंनी चेकबुक उचलून कपाटात ठेवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. थोड्या वेळाने सरांनी विचारलं, "मग खरं कसं असतं?"

त्या प्रश्नाचं उत्तर देता देता माझं वर्ष गेलं. ते सगळं इथे लिहून ठेवते आहे, कारण अशी पत्रं आणखी कितीतरी घरांत येत असणार.

'फेलो' हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि फसवणूक नेमकी त्या फटीतून आत शिरते. काही संस्थांमध्ये फेलो ही सभासदत्वाची वरची पायरी असते. अनुभवाची वर्षं दाखवायची, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या दाखवायच्या, अर्ज आपला आपण करायचा, वर्गणी भरायची. यात गैर काहीच नाही. 1957 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीत फेलो होण्यासाठी असा अर्ज करता येतो. पण 'डिस्टिंग्विश्ड फेलो' हा त्याच संस्थेचा अगदी वेगळा मान आहे. तो पहिल्यांदा दिला गेला 1971 साली, डच संगणकशास्त्रज्ञ एडस्खर डाइक्स्ट्रा यांना. दोन वर्षांनी अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मी नोकरीची पहिली अकरा वर्षं कोबोल या संगणकाच्या भाषेत काढली. त्या भाषेच्या मुळाशी हॉपरबाईंचं काम आहे, त्यामुळे हे वाचताना मला घरातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेत तर फेलोसाठी स्वतःचं नाव स्वतः देताच येत नाही. दुसऱ्या कुणीतरी सुचवावं लागतं. ज्यांचं नाव सुचवायचं ते आधी सीनियर मेंबर असले पाहिजेत, सभासदत्वाची पाच वर्षं झालेली असली पाहिजेत. शिफारसपत्रं द्यायची ती आधीच फेलो असलेल्यांनी. मग त्या त्या विषयाच्या सोसायटीची समिती तो प्रस्ताव तपासते, त्यानंतर मुख्य फेलो समिती, आणि शेवटी संचालक मंडळ शिक्कामोर्तब करतं. एका वर्षात मतदार सभासदांच्या एक-दशांश टक्क्यापेक्षा जास्त फेलो करायचे नाहीत, असा नियमच आहे. चार लाखांवर सभासदांच्या त्या संस्थेत ही संख्या वर्षाला साधारण तीनशेच्या घरात राहते. एसीएम ही संगणकशास्त्राची अमेरिकेतली संस्था 1947 सालची, पण तिची फेलो योजना 1993 साली सुरू झाली. तिथेही एकूण सभासदांतले फार तर एक टक्का. फेलोच्या खाली 'डिस्टिंग्विश्ड मेंबर' अशी पायरी आहे, तिला निदान पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. आणि मान मिळाला की त्यासोबत एक ओळ येते. अमुक कामातल्या योगदानाबद्दल, अशी. ती ओळ त्या माणसाच्या नावापुढे कायमची राहते.

सरांना मी सांगितलं, खऱ्या मानाची ओळख म्हणाल तर हीच. ती ओळ असते, आणि तुम्ही काय केलं ते त्यात नेमकं लिहिलेलं असतं. पत्रात काम नसेल आणि शुल्क असेल, तर ते पत्र बाजूला ठेवायचं.

सर म्हणाले, "हे बरं आहे. प्रोग्रॅमला कॉमेंट असते तशी ओळ."

परतीच्या गाडीत मी ठरवलं की सरांचं नाव आपण सुचवायचं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की आयट्रिपलई आणि एसीएम, दोन्ही दारं बंद आहेत. फेलो निवडतात ते सभासदांतून, आणि सर कुठल्याच परदेशी संस्थेचे सभासद कधी नव्हते. का नव्हते, ते त्यांनीच सांगितलं. परकीय चलनावर बंधनं घालणाऱ्या 1973च्या फेरा कायद्याच्या दिवसांत वर्गणीचे डॉलर पाठवायचे तर परवानग्या आणि फॉर्म यांतच महिना जायचा, आणि त्या वर्गणीच्या रुपयांत घरातल्या चौघांचं वाणसामान यायचं. पुढे पैसे आले, तेव्हा सवय गेली होती. या संस्थांचे नियम मला अन्यायाचे वाटत नाहीत. आपल्या माणसांतून निवड करणं समजण्यासारखं आहे. पण 1970च्या दशकात मुंबईत बसून काम केलेली एक अख्खी पिढी त्या उंबरठ्याच्या बाहेर राहिली, एवढं खरं. त्यांचं काम कमी पडलं म्हणून नव्हे, तर पावती फाडता आली नाही म्हणून.

आणि ही पिढी काही आडगावात नव्हती. टिफ्रॅक हे देशात बांधलेलं संगणक यंत्र याच शहरात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली सुरू झालं. त्याची मेमरी 2,048 शब्दांची होती. यंत्राचा शब्द म्हणजे ठरावीक लांबीचा आकडा; पण नुसती संख्या धरली तर माझ्या या लेखातले शब्द त्यात जेमतेम बसावेत. ते बांधणाऱ्या चमूचे प्रमुख रं. नरसिंहन हेच पुढे कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. ती संस्था 1965 सालची. टाटा संस्थेतच, कुलाब्याला, 1964 साली सीडीसी 3600 हे मोठं अमेरिकी संगणक यंत्र आलं, त्यावर बाहेरच्या संस्थांनाही वेळ मिळायचा. सर कॉलेज संपवून जिथे लागले त्या ऑफिसचा वेळ रात्रीचा होता. प्रोग्रॅम भोकांनी उतरवलेल्या कार्डांचा खोका मांडीवर घेऊन बसने जायचं, पहाटे परत. "खोका पडला की संपलं," सर सांगतात. "कार्डांच्या गठ्ठ्यावर कडेने तिरकी रेघ मारून ठेवायची. पडली तरी रेघ जुळवून क्रम लागतो." त्यांच्याकडे अजून जुनी कार्डं आहेत. काकूंनी वीस वर्षं त्यांच्या मागच्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली. मी एक उलटून पाहिलं: एका बाजूला गूळ, पोहे, रिन साबण, दुसऱ्या बाजूला ऐंशी स्तंभ आणि चौकोनी भोकं. ती कार्डं पंच करणाऱ्या मुलींची नावं कुठल्याच कागदावर नाहीत, हेही तेव्हाच लक्षात आलं.

तर देशातल्याच एका संस्थेकडे प्रस्ताव द्यायचं ठरवलं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून त्यांच्यापुढे आहे. प्रस्तावात पहिला रकाना: सर्वांत महत्त्वाचं योगदान कोणतं, आणि त्याचा पुरावा काय.

योगदान मला पाठ होतं. 1988 साली मी शिकाऊ म्हणून सरांच्या हाताखाली लागले, तेव्हा ते नोकरी सांभाळून संध्याकाळी पतसंस्थांसाठी मराठी छपाई करून देत होते. नऊ पिनांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्याला इंग्रजी अक्षरं येतात, मराठी येत नाहीत. तेव्हा प्रत्येक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी रचायचं. सर आलेखवहीच्या चौकटी पेन्सिलने भरायचे, मग प्रत्येक उभ्या रांगेतल्या भरलेल्या चौकटींची बेरीज खाली मांडायचे: 24, 36, 66. वरच्या पिनेचे 128, आठव्या पिनेचा 1. ते आकडे मी प्रोग्रॅममध्ये उतरवायचे. एका मराठी ओळीसाठी प्रिंटरचं हेड तीनदा फिरायचं. वेलांट्या, मात्रा आणि रफार एका फेरीत, मधली अक्षरं दुसऱ्या, उकार तिसऱ्या. कागद एका केसाएवढा सरकला तरी मात्रा अक्षरावरून तुटून तरंगायची.

एवढं सगळं जमलं, आणि मग लालबागच्या एका पतसंस्थेच्या अध्यक्षांनी नोटिशींचा गठ्ठा परत पाठवला. ते निवृत्त शाळामास्तर होते. प्रत्येक नोटिशीवर लाल पेन्सिलने एकाच शब्दाभोवती गोल: 'दुसर्या हप्त्याची रक्कम'. आमच्या प्रोग्रॅमला र आणि य एकत्र आले की रफार काढायचा एवढंच ठाऊक होतं. 'सूर्य' बरोबर यायचा, 'दुसऱ्या' चुकायचा. मराठीत हे दोन वेगळे उच्चार आहेत आणि दोन वेगळ्या खुणा. आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतात, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी. हिंदीसाठी केलेली व्यवस्था उसनी घेतली असती, तर हा फरक तिला दिसलाच नसता.

सर ती नोटीस घेऊन चार दिवस बसले होते. ऱ्य काढायचा तर य च्या डावीकडे पापणीसारखी ती वळलेली रेघ हवी, आणि नऊ पिनांत ती रेघ म्हणजे जेमतेम पाच ठिपके. एक ठिपका वर गेला की ती काना वाटते, खाली गेला की घाण लागल्यासारखी दिसते. आलेखवहीचं ते पान माझ्यासमोर आहे. इतकं खोडलंय की कागद मऊ होऊन एके ठिकाणी पारदर्शक झालाय. कडेला सरांच्या अक्षरात: 'हा. मास्तरांना दाखवणे.' मास्तरांनी पाहिलं, मान डोलावली, आणि सर्व सभासदांच्या नोटिशी पुन्हा छापून निघाल्या. त्या छपाईचे पैसे सरांनी घेतले नाहीत. चूक आपली होती, म्हणाले.

आज युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, ऱ वेगळा आहे, हलन्त जोडला की ती पापणी आपोआप येते. मोबाइलवर 'वाऱ्यावर' लिहिताना कुणाला थांबावं लागत नाही. ते ज्यांनी प्रमाण ठरवलं त्यांचं श्रेय त्यांचं. सरांचा त्यात हात नव्हता आणि मी प्रस्तावात तसा दावाही केला नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की प्रमाण येण्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं, ज्या माणसांना कर्जाची नोटीस फक्त मराठीत वाचता येत होती त्यांना ती अचूक मराठीत मिळाली, ती या माणसामुळे. प्रोग्रॅम त्यांनी कुणालाही फ्लॉपीवर फुकट दिला. सरांच्या वहीत एकूण 43 संस्थांची नावं आहेत, निम्म्याहून जास्त कोकणातली. 1999च्या डिसेंबरात सर रजा टाकून एसटीने चिपळूण, संगमेश्वर, राजापूर करत फिरले, कारण तारखेत वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले होते आणि 2000 साल आलं की व्याज उलटं मोजलं गेलं असतं.

आता पुरावा. शोधनिबंध? एकही नाही. पेटंट? नाही. पुस्तक? बत्तीस पानी चक्रमुद्रित माहितीपत्रक, तेही बिननावाचं. शिफारसपत्रांसाठी मी नऊ फेलोंना लिहिलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिघांनी अगदी सौजन्याने कळवलं की ज्यांचं काम आम्ही वाचलेलं नाही त्यांच्याबद्दल लिहिणं योग्य होणार नाही. याबद्दल मला जराही राग नाही; शिफारस करणाऱ्याने असंच वागावं. ज्यांनी लिहिलं त्यांतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दोन पानं हाताने लिहून पाठवली. ऱ्य ची अडचण इंग्रजी वाचणाऱ्या परीक्षकाला कळावी म्हणून त्यांनी आकृती काढून दाखवली होती, शेजारी-शेजारी, रफार आणि पापणी. ते पत्र वाचून मी रडले.

पहिल्या वर्षी प्रस्ताव परत आला. 'स्वतंत्र पुरावा अपुरा.' तीन शब्द. कोणत्या मुद्द्यासाठी अपुरा, ते नाही. समित्यांवरची माणसं विनावेतन काम करतात, शेकडो फायली वाचतात, हे मला माहीत आहे. पण जिथे नकार द्यायचा तिथे दोन वाक्यं जास्त लिहावीत, असं मला मनापासून वाटतं. त्यांवर पुढच्या वर्षीचं काम उभं राहतं.

मग मी शनिवार-रविवार पुरावा गोळा करत फिरले. तीन पतसंस्थांच्या कपाटांत जुन्या नोटिशींच्या स्थळप्रती सापडल्या, कडेला भोकांची पट्टी तशीच असलेल्या. लालबागच्या मास्तरांच्या मुलाने त्यांची डायरी दिली, त्यात तारखेसह नोंद: 'नोटिसा शुद्ध छापून आल्या.' एका बँकेच्या निवृत्त तपासनिसाने लेखी दिलं की 1991च्या तपासणीत त्याने आमच्या प्रोग्रॅमने छापलेली खातेवही पाहिली होती. असं कुणी तुमच्या घरात, ऑफिसात असेल तर त्यांचे कागद आत्ताच एका फाइलला लावा. थर्मल कागदावरची अक्षरं पाच-सात वर्षांत उडतात, फ्लॉपी वाचायला यंत्र सहज मिळत नाही, आणि ज्याने काम पाहिलं तो साक्षीदार तोवर राहत नाही. आयट्रिपलईच्या फेलो निवडीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या इंजिनिअरांसाठी वेगळा गट आहे, संशोधकांसाठी वेगळा. म्हणजे निबंध नसलेल्यांसाठी वाट असते. त्या वाटेवरून फाइल घेऊन चालायला मात्र दुसरं माणूस लागतं, आणि त्याने वेळेत निघावं लागतं.

दुसरा प्रस्ताव या जूनमध्ये पाठवायचा होता. सगळं तयार झालं, ती एक ओळ सोडून. पंधरा-वीस शब्दांत चाळीस वर्षं. सतरा मसुदे झाले. शेवटचा घेऊन मी गिरगावात गेले, कारण सालं आणि तपशील सरांकडून तपासून घ्यायचे होते. पाऊस होता, काकूंनी पायपुसणं दाराबाहेर आणून टाकलं होतं. सर खिडकीशी बसले. मी कागद दिला:

'मराठी लेखनाच्या अचूक संगणकीय छपाईची अग्रणी प्रणाली विकसित केल्याबद्दल आणि ती सहकारी पतसंस्थांना विनामूल्य उपलब्ध करून दिल्याबद्दल.'

सरांनी दोनदा वाचलं. खिशातून पेन्सिल काढली. 'अग्रणी' खोडलं. म्हणाले, "तेव्हा पुण्यात, दिल्लीत आणखीही लोक करत होते. कोण पुढे, कोण मागे, मला माहीत नाही." मग 'विनामूल्य' पाशी थांबले, ते राहू दिलं. 'उपलब्ध करून दिल्याबद्दल' मात्र खोडलं आणि वर बारीक अक्षरात काहीतरी लिहून कागद माझ्याकडे दिला.

वर लिहिलं होतं: 'सोळा वर्षं चालू ठेवल्याबद्दल.'

"सोळा मोजलेत का नीट?" आतून काकूंनी विचारलं.

"88 ते 2004," सर म्हणाले. "राजापूरची शेवटची."

मी तसंच टाइप करून पाठवलं.